मलिक अंबर : गुलामांच्या बाजारातून खुल्दाबादच्या मातीपर्यंत



आपल्या घरात मूल जन्माला आले की अजान आणि इकामतीनंतर जो प्रश्न हमखास विचारला जातो, तो बाळाच्या रंगाचा असतो. रंग कोणावर गेला, हे आजी विचारते, मावशी विचारते, शेजारीणही विचारते. पुढे तीच मुलगी मोठी होते, नात्याची बोलणी सुरू होतात आणि निरोप येतो की मुलगी सालस आहे, शिकलेली आहे, कुरआन सुंदर पढते. पण रंगाने जरा डावी आहे. इमामतीच्या कामात असे निरोप घेऊन उतरल्या चेहऱ्याने येणारे बाप मी पाहिले आहेत. आणि रागाच्या भरात एखाद्या सावळ्या मुलाला आपल्या मोहल्ल्यात काय म्हणून हिणवतात, हेही आपणांस ठाऊक आहे. त्याला हबशी म्हणतात.

हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, म्हणून तो कोठून आला हे आधी आठवू या. हबशी म्हणजे हबशाचा, म्हणजे आजच्या इथिओपिया आणि आसपासच्या प्रदेशाचा रहिवासी. मक्केत जेव्हा ईमानवाल्यांना श्वास घेणे कठीण झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना ज्या देशात आश्रयाला पाठवले तो हाच हबशा. तेथील राजा नज्जाशी याने त्यांना परत धाडण्यास नकार दिला. काबागृहाच्या छतावरून अजान देणारे हजरत बिलाल (रजि.) हबशीच होते. ज्या शब्दाशी इतका मोठा उपकार आणि इतका मोठा सन्मान जोडलेला आहे, तो शब्द आपल्या तोंडी अपमानाचा कसा झाला, याचा विचार आपण करावा, म्हणून आज एका हबशी माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहे. हा माणूस दूरचा नाही. त्याचे रक्त आपल्या नांदेडच्या मातीत सांडले आहे आणि त्याची कबर आपल्या मराठवाड्यात आहे. त्याचे नाव मलिक अंबर.

सुमारे १५४८ साली हबशाच्या भूमीत एक मूल जन्मले. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. घरच्या दारिद्र्यामुळे आई-वडिलांनीच त्याला विकले, अशी एक परंपरा आहे. युद्धात धरून नेले, असेही काही जण म्हणतात. काहीही असो, बालवयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली. ज्या डच व्यापाऱ्याने पुढे त्यांना प्रत्यक्ष पाहिले, त्या पीटर व्हॅन डेन ब्रुक याने ही किंमत वीस सोन्याची नाणी अशी लिहून ठेवली आहे. एका जिवंत मुलाची किंमत वीस नाणी! तेथून तो बगदादला पोहोचला. तेथील मालक मीर कासिम याने त्याला लिहिणे-वाचणे आणि हिशेब शिकवले, त्याने इस्लाम स्वीकारला आणि मालकानेच त्याला अंबर हे नाव दिले.

येथे क्षणभर थांबून एक कटू सत्य आपण मान्य केले पाहिजे. त्या मुलाला विकणाऱ्यांत आणि विकत घेणाऱ्यांत कलमा पढणारे लोक होते. ज्या धर्माने गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्य ठरवले, अनेक चुकांचे प्रायश्चित्त म्हणून गुलामाची सुटका करण्यास सांगितले, त्याच धर्माचे अनुयायी माणसांचा बाजार भरवत होते. हा दोष शिकवणीचा नव्हता, शिकवण विसरलेल्यांचा होता. पण तो आपल्याच लोकांचा होता. तो लपवून मलिक अंबरांचे चरित्र सांगता येत नाही.

१५७० च्या सुमारास अंबर समुद्रमार्गे दख्खनमध्ये आले. अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेज खान यांनी त्यांना विकत घेतले. हे चंगेज खान मंगोल नव्हते. तेही हबशीच होते आणि तेही एके काळी गुलाम होते. दख्खनच्या राजवटींत अशा हबशी सैनिकांना मोठी मागणी असे. त्यांच्यापैकी कित्येक जण पराक्रमाच्या जोरावर किल्लेदार, सरदार आणि वजीर झाले. चंगेज खानांच्या हाताखाली अंबरांनी राज्यकारभार आणि लष्कर दोन्ही जवळून पाहिले. चंगेज खानांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने अंबरांना मुक्त केले.

स्वातंत्र्य मिळाले, पण हाती काही नव्हते. परका देश, ना कुळ, ना जहागीर. पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी भाडोत्री शिपाई म्हणून काढली. विजापूरच्या आदिलशाहीतही त्यांनी चाकरी केली आणि मलिक ही पदवी त्यांना तेथेच मिळाल्याचे सांगतात. हळूहळू काही घोडेस्वार त्यांच्याभोवती जमले. १५९५ च्या सुमारास ते निजामशाहीत परतले, तेव्हा मोगल फौजा अहमदनगरच्या दारात उभ्या होत्या. चांदबीबीने शर्थ केली, पण १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि लहानगा सुलतान कैद झाला. बहुतेकांना निजामशाही संपली असे वाटले. मलिक अंबरांना तसे वाटले नाही. त्यांनी निजामशाही घराण्यातील एका राजपुत्राला परांड्याच्या किल्ल्यात मुर्तझा निजामशाह दुसरा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली.

आता आपल्या नांदेडकडे या. १६०२ साली मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान यांनी आपला मुलगा मिर्झा इरज याला अंबरांवर पाठवले. गोदावरीच्या या परिसरात, नांदेडजवळ, दोन्ही फौजांची गाठ पडली. लढाई घनघोर झाली. अंबर जखमी होऊन घोड्यावरून कोसळले. शत्रू त्यांना पकडणार तोच त्यांच्या हबशी आणि दख्खनी साथीदारांनी जिवाची पर्वा न करता त्यांना उचलून रणांगणाबाहेर नेले. आपण हा प्रसंग लक्षात ठेवावा. राजपुत्रासाठी जीव देणारे पुष्कळ असतात. येथे मात्र एके काळी बाजारात विकल्या गेलेल्या माणसासाठी लोकांनी जीव धोक्यात घातला. त्या दिवशी नांदेडला अंबर हरले. पण खानखानानांनी त्यांची योग्यता ओळखली आणि त्यानंतर लवकरच त्यांच्याशी तह करून हद्दी ठरवून घेतल्या.

यानंतरची जवळपास पंचवीस वर्षे मलिक अंबर निजामशाहीचे सर्वेसर्वा होते. मैदानात समोरासमोर मोगलांचा निभाव लागणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी गनिमी काव्याची पद्धत पत्करली. हलके घोडेस्वार अचानक येत, रसद तोडत, रात्री छावणीवर पडत आणि डोंगरात नाहीसे होत. या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मोठ्या संख्येने मराठे होते. त्या काळात येऊन गेलेल्या एका इंग्रज प्रवाशाने अंबरांकडे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहिले आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे यांनी याच निजामशाहीची चाकरी केली. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा अंबरांनी पराभव केला. तलावाचे पाणी शत्रूच्या छावणीच्या दिशेने सोडून त्यांनी तिची वाताहत केली, असे सांगतात. त्या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले.

परंतु आपण शेतकऱ्यांची लेकरे आहोत. तलवारीपेक्षा पाण्याची आणि जमिनीची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. अंबरांनी महसुलाची मक्तेदारी बंद केली. ज्या पद्धतीत मक्तेदार सरकारला ठरावीक रक्कम देऊन रयतेकडून वाटेल तेवढे उकळत असे, ती मोडून त्यांनी जमिनीची प्रतवारी केली. जमीन सुपीक की हलकी, पीक कसे आले, हे पाहून सारा ठरू लागला. पाटील-देशमुखांचे वंशपरंपरागत हक्क मान्य करून गावाची जबाबदारी गावाकडे ठेवली. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही समाजांतील धर्मस्थळांना व विद्वानांना जमिनी दिल्या. स्वतः उपाशी राहिलेल्या माणसाला भुकेचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

१६१० साली त्यांनी खडकी हे नगर वसवले. पुढे त्याचेच औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर झाले. या कोरड्या पठारावर शहर कसे जगणार, हा प्रश्न होता. त्यांनी डोंगरातील झऱ्यांचे आणि जमिनीखालचे पाणी भुयारी मार्गाने शहरात आणले. ठिकठिकाणी हवा खेळती ठेवण्यासाठी उंच बंब बांधले. हीच नहर-ए-अंबरी. सुरुवातीला दरबारातील काही जणांनी या योजनेची थट्टा केली, असे सांगतात. थट्टा करणाऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. त्या नहरीचे पाणी मात्र शतकानुशतके लोकांनी प्यायले. शहरातला भडकल दरवाजा, जामा मशिदीचा जुना भाग, काली मशीद ही त्यांचीच बांधकामे. इकडे आपल्या लातूर जिल्ह्यातील औशाच्या किल्ल्यालाही काही काळ त्यांच्या नावावरून अंबरापूर म्हटले जाई, असे स्थानिक इतिहास सांगतो.

एवढे कर्तृत्व असूनही रंगाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्याच्या दोन हकीकती आपण ऐकाव्यात.

पहिली घरातली आहे. व्हॅन डेन ब्रुक याने लिहिल्याप्रमाणे सुलतानाची दुसरी एक राणी इराणी वंशाची, गोऱ्या वर्णाची होती. तिने अंबरांच्या मुलीला दासी म्हणून हिणवले आणि तिच्या बापाबद्दलही अपशब्द काढले. मुलीने बापाला कळवले. यानंतर लवकरच सुलतान आणि ती राणी विषप्रयोगाने मरण पावले आणि त्यामागे अंबर होते, असे तो व्यापारी लिहितो. १६१० साली गादीवर दुसरा निजामशाह आला, हे तर इतिहासात नोंदलेले आहे. ही हकीकत मी आपल्यापासून लपवली नाही, कारण अंबर वली नव्हते, माणूस होते. अपमान कितीही मोठा असो, शरीअत त्यासाठी खून माफ करीत नाही. पण आपण दुसरी बाजूही पाहावी. ज्या बापाने राज्य उभे केले, त्याच्या मुलीला त्याच राज्याच्या महालात, मुसलमानांच्याच घरात, रंगावरून आणि जन्मावरून टोमणा ऐकावा लागला. ही जखम आपल्या मोहल्ल्यातील कोणत्याही सावळ्या मुलीला समजेल.

दुसरी हकीकत चित्राची आहे. बादशाह जहांगीर अंबरांवर अतोनात चिडलेला होता. आपल्या आठवणींत त्याने अंबरांचा उल्लेख वारंवार त्यांच्या काळ्या रंगावरून हिणवून केला आहे. १६१६ साली जालन्याच्या बाजूला मोगलांनी अंबरांना हरवले आणि खडकी शहर जाळले. पण अंबर काही हाती लागले नाहीत. सुमारे त्याच काळात जहांगीरचा नामवंत चितारी अबुल हसन याने एक चित्र काढले. त्यात बादशाह पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, तेजाचे वलय त्याच्या मस्तकाभोवती आहे आणि तो धनुष्याने बाण मारत आहे. कशावर? भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरांच्या कापलेल्या काळ्या मस्तकावर. त्या मस्तकावर घुबड बसवलेले आहे. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन शहरी चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

हे दृश्य कधीही घडले नाही. जहांगीरने अंबरांना कधी रणांगणात गाठले नाही, मग त्यांचे मस्तक कापणे दूरच. जे तलवारीला जमले नाही ते कुंचल्याकडून करवून घेतले गेले. आणि जहांगीरही मुसलमान होता, नमाजी घराण्यात वाढलेला होता, हे विसरू नका. विशेष म्हणजे मोगल दरबाराचाच दुसरा चितारी हाशिम याने अंबरांचे जे चित्र काढले, त्यात एक वयस्क, गंभीर, स्वाभिमानी माणूस उभा आहे. ते लंडनच्या संग्रहालयात आहे. माणूस तोच, रंग तोच. फरक पाहणाऱ्याच्या नजरेत होता.

वाचकहो, सत्तेच्या हाती कुंचला असला की ती दुर्बळाचे चित्र आपल्या सोयीने रंगवते. हे चारशे वर्षांपूर्वीचेच नाही. अमेरिकेत आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे असेच झाले. एकोणिसाव्या शतकात तेथे गोरे नट चेहऱ्याला काळे फासून रंगमंचावर येत आणि काळा माणूस म्हणजे मूर्ख, आळशी, हसण्याजोगा प्राणी, असे नाचून-गाऊन दाखवत. पुढे सिनेमा आला. १९१५ सालच्या एका गाजलेल्या चित्रपटाने काळ्यांना हिंस्र ठरवले आणि त्यांना ठार मारणाऱ्या टोळीला वीर ठरवले. हॅटी मॅक्डॅनियल या काळ्या अभिनेत्रीला १९४० साली ऑस्कर पुरस्कार मिळाला. तोही मोलकरणीच्या भूमिकेसाठी. पुरस्काराच्या रात्री तिला इतर कलाकारांपासून वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले होते. ज्यांना शाळा, जमीन आणि चांगली नोकरी नाकारून गरीब ठेवले, त्यांच्या गरिबीलाच त्यांचा स्वभाव म्हणून पडद्यावर दाखवले गेले. त्याच देशातील माल्कम एक्स १९६४ साली हजला गेले. तेथे सर्व रंगांचे लोक एकाच ताटात जेवताना आणि एकाच सफेत उभे राहताना त्यांनी पाहिले आणि माणसांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली.

पण हजच्या मैदानात जे दिसते, ते आपल्या दिवाणखान्यात दिसते का? आपल्या टीव्हीवरही सावळा माणूस नोकर असतो नाहीतर गुंड असतो. गोरेपणाची क्रीम आपल्याही घरातल्या आरशापाशी असते. अमेरिकेला नावे ठेवण्याआधी आपण तो आरसा पुसावा.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबरांचे निधन झाले. अखेरपर्यंत दख्खन मोगलांना पूर्णपणे जिंकता आले नाही. आणि वाचकहो, अल्लाहचा न्याय पाहा. अंबरांच्या मृत्यूची नोंद करताना जहांगीरच्याच दरबारी इतिहासकाराने, मोतमद खानाने, या शत्रूची लष्करी कर्तबगारी, न्यायबुद्धी आणि कारभार यांची मोकळेपणाने वाखाणणी केली आणि असा गुलाम इतिहासात दुसरा झाला नाही, अशा अर्थाचे लिहिले. पुढच्याच वर्षी जहांगीरही वारला. अंबरांच्या पाठीमागे त्यांचा मुलगा फतेह खान याला ते राज्य सांभाळता आले नाही. १६३३ साली दौलताबाद पडले. १६३६ साली आपल्या उदगीरचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला, तेव्हा तेथील किल्लेदार सिद्दी मिफ्ताह हेही हबशीच होते. म्हणजे ज्या बुरुजांवरून आज लातूरकर सुट्टीच्या दिवशी फेरफटका मारतात, त्यांची अखेरची राखण हबशी माणसांनी केली आहे.

मलिक अंबर खुल्दाबादला, औलियांच्या त्या भूमीत, चिरनिद्रा घेत आहेत. जवळच त्यांच्या पत्नी बीबी करीमा यांची कबर आहे. आपण जियारतीला खुल्दाबादला जातो तेव्हा बहुतेक जण हजरत जर जरी जर बख्श (रह.) यांच्या दर्ग्यावरून परततात. पुढच्या वेळी मुलांना घेऊन थोडे पुढे जा. त्यांना सांगा की येथे तो माणूस आहे, ज्याला वीस नाण्यांना विकले होते आणि ज्याने आपल्या मराठवाड्याला पाणी दिले.

शेवटी एक गोष्ट मनाशी धरावी. हजरत अबू जर (रजि.) हे थोर सहाबी. एकदा रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. ती आई काळ्या वर्णाची होती आणि तो माणूस म्हणजे हजरत बिलाल (रजि.) असे काही रिवायतींत येते. प्रेषित (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी अबू जर (रजि.) यांना स्पष्ट सांगितले की तुमच्यात अजून जाहिलियतचा अंश शिल्लक आहे. एवढ्या मोठ्या सहाबीची एका शब्दावरून अशी कानउघाडणी झाली. मग आपण तोच शब्द दिवसातून किती वेळा उच्चारतो, याचा हिशेब आपणच करावा. अखेरच्या हजच्या प्रवचनात त्यांनी गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर श्रेष्ठत्व नसल्याचे जाहीर केले आणि श्रेष्ठत्वाची एकच कसोटी ठेवली, ती तक्व्याची.

म्हणून माझी आपणांस नम्र विनंती आहे. यापुढे मुलासाठी स्थळ पाहायला जाल तेव्हा मुलीची दीनदारी विचारा, स्वभाव विचारा, शिक्षण विचारा. रंग विचारू नका. आणि घरात कोणी लेकराला हबशी म्हणून चिडवले, तर रागावण्याआधी त्याला मलिक अंबरांची ही गोष्ट सांगा.

अल्लाह तआला मलिक अंबरांच्या चुका माफ करो, त्यांच्या नेकीचा मोबदला देवो आणि आपल्या अंतःकरणातून रंग व वंश यांचा अहंकार काढून टाकण्याची तौफीक आपणा सर्वांस देवो. आमीन.